होमस्कूलिंग करता म्हणजे नक्की काय करता? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

थोरली दुसरीत होती तेव्हा आम्ही तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला लागलो, त्याला आता सहा वर्षं झाली. धाकटा तर बालवाडीनंतर शाळेत गेलाच नाही. या सहा वर्षांत मला तेच ते प्रश्न लग्नाच्या मांडवात, लिफ्टमध्ये आणि एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना विचारले गेलेत, तेव्हा काही बोलताच आलं नाही, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. आधीच सांगते, मी शाळेवर खार खाऊन नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की शाळा हा शिकण्याचा एक मार्ग आहे आणि आपण त्यालाच शिकणं समजून बसलोय.

शाळा एवढी वाईट आहे का हो?

वाईट नाही, गर्दी आहे. साधा हिशोब करून बघा. ३५ मिनिटांचा तास आणि वर्गात ४० मुलं, म्हणजे बाईंनी हजेरी न घेता, फळा न पुसता, कुणालाही गप्प न करता अगदी समान वाटणी केली तरी एका मुलाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. आमच्या थोरलीच्या वर्गशिक्षिका खरंच चांगल्या होत्या, पण त्यांना पोर्शन संपवायचा होता आणि हिला एकच ओळ चार वेळा वाचायची होती, आता यात दोघींपैकी चूक कुणाची सांगा. डिसेंबरपर्यंत तिच्या वहीवर 'वाचनात मागे' असा शेरा आला आणि जानेवारीत ती स्वतःच लोकांना सांगायला लागली की मी मागे आहे. सात वर्षांची मुलगी! कशाच्या मागे, कुणाच्या मागे, ते तिला माहीत नव्हतं.

बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये मांडलं होतं की ज्याला एकट्याला किंवा दोघातिघांत बसवून, जमेपर्यंत थांबून शिकवलं असं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा एवढा मोठा फरक काही दिसला नाही, पण फरक दिसला, आणि बऱ्यापैकी दिसला. यात आईबाप फार हुशार असतात असा अर्थ काढू नका. घरी शिकवणारा थांबू शकतो, वर्गात शिकवणाऱ्याला थांबता येत नाही, बास. आम्ही आधी शाळा बदलूनही बघितली असती, पण शाळा बदलली तरी वरचा भागाकार तसाच राहतो ना.

पण शाळा तर पहिल्यापासूनच आहे ना, सगळ्यांनी शिकायलाच पाहिजे की

शिकायलाच पाहिजे, एकदम मान्य. पण सगळ्यांनी ठरलेल्या वयात, ठरलेल्या इमारतीत, सरकारच्या सक्तीने जायचं ही गोष्ट माणसाच्या इतिहासात अगदी कालपरवाची आहे. प्रशियाच्या (आताच्या जर्मनीकडच्या) राजाने १७६३ मध्ये तसा हुकूम काढला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने पहिल्यांदा १८५२ मध्ये कायदा केला आणि सगळ्या राज्यांत तो पोचायला १९१८ साल उजाडलं, इंग्लंडमध्ये हजेरी सक्तीची झाली १८८० मध्ये. आणि ती सक्ती आली ते चांगलंच झालं, कारण तेव्हा शाळेबाहेरचं मूल म्हणजे गिरणीत किंवा शेतात राबणारं मूल. ज्याच्या घरी पुस्तक नाही, वेळ देणारं कुणी नाही, त्याच्यासाठी शाळा आजही आधार आहे आणि ती बंद करा असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. मुद्दा एवढाच की जे औषध म्हणून आलं ते सगळ्यांनाच, एकाच डोसमध्ये, बारा वर्षं द्यायचं का?

हे कायद्यात बसतं का?

कुठे राहता त्यावर आहे.

अमेरिकेत १९९३ पासून सगळ्या ५० राज्यांत चालतं, नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे, कुठे नुसतं कळवलं की झालं, कुठे दरवर्षी प्रगती दाखवावी लागते. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यात पालकांनी मुलाला शाळेत पाठवून 'किंवा अन्य प्रकारे' शिक्षण द्यावं असं लिहिलंय, त्या 'किंवा'वर तिथलं सगळं होमस्कूलिंग उभं आहे. जर्मनीत जवळजवळ बंदीच, तिथली कुटुंबं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली पण २००६ मध्येही निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि २०१९ मध्येही. स्वीडनमध्ये अगदी अपवादात्मक परिस्थितीतच परवानगी मिळते. फ्रान्समध्ये आधी नुसतं कळवायचं होतं, २०२१ च्या कायद्याने आता आधी परवानगी घ्यावी लागते.

भारतात शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय पण घातलं नाही तर पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. होमस्कूलिंगला नाव घेऊन परवानगीही नाही आणि बंदीही नाही, थोडक्यात मोकळं आहे पण कागदावर पक्कं नाही. हे ज्याला झेपत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, कारण 'दाखला कुठल्या शाळेचा?' हा प्रश्न तुमचा पिच्छा सोडत नाही.

आणि हो, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम २६ मध्ये, मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं ते निवडण्याचा अग्रहक्क पालकांना आहे असं स्पष्ट लिहिलंय. त्याच कलमात प्राथमिक शिक्षण सक्तीचं असावं असंही आहे. भांडणारे दोन्ही बाजूचे लोक आपापलं वाक्य उचलतात!

रोज किती वाजता बसता अभ्यासाला?

इथे मी आमची फजिती सांगते. पहिल्या महिन्यात मी फ्रीजवर टाइमटेबल चिकटवलं होतं, रंगीत, नऊ ते दीड, मधे दहा मिनिटांची सुट्टी, मोबाईलवर चक्क घंटेचा अलार्म. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी पोळ्या करत होते आणि ही डायनिंग टेबलवर वर्कशीट घेऊन बसली होती, मागे वळून बघितलं तर हात वर करून बसलीये. कधीपासून कोण जाणे. म्हटलं काय गं, तर म्हणाली, "मी सू करायला जाऊ?"

स्वतःच्या घरात. आईला विचारतेय.

मी त्या दिवशी टाइमटेबल काढून टाकलं. शाळा सोडली म्हणून शाळा डोक्यातून जात नाही, मुलाच्या तर नाहीच आणि आईच्या त्याहून नाही. होमस्कूलिंगवाल्यांमध्ये एक ठोकताळा आहे की मूल जितकी वर्षं शाळेत गेलं तितके महिने काहीही न शिकवता जाऊ द्यायचे, त्याला डीस्कूलिंग म्हणतात. मी तिसऱ्या महिन्यापर्यंत दम धरला, आणि सांगते, फार भीती वाटते त्या काळात, पोरगी दिवसभर लोळतेय, चित्रं काढतेय, भिंतीकडे बघतेय, आणि तुम्ही रात्री नवऱ्याला विचारताय की आपण हिचं वाटोळं तर नाही ना केलं.

आता आमचं बसून लिहिण्यावाचण्याचं काम रोज दीड-दोन तासांचं असतं, कधी तेही नाही. ऐकून लोकांना धक्का बसतो. पण शाळेच्या सहा तासांतून रांगा, हजेरी, वह्या जमा करणं, वर्ग शांत होण्याची वाट बघणं हे सगळं वजा करा आणि मग सांगा किती उरतं.

तुम्ही टीचर आहात का? गणित-सायन्स कोण शिकवतं?

नाही, मी अकाउंट्सचं काम करायचे. गणित बरं आहे माझं, फिजिक्स भयंकर.

एक किस्सा. धाकटा नऊ वर्षांचा असताना बाथरूमचा नळ ठिबकत होता आणि त्याचे बाबा 'करू रविवारी' म्हणत महिना काढत होते. याने एक लिटरची बाटली लावली नळाखाली आणि घड्याळ घेऊन बसला, ४० मिनिटांत भरली. मग मला विचारतो, दिवसात मिनिटं किती? १४४०. मग १४४० भागिले ४०, तेव्हा त्याला दोन आकडी भागाकार येत नव्हता, म्हणून तो ४०-४० वजा करत बसला, पानभर, मधे एकदा चुकला, खोडलं, परत केलं, शेवटी ३६ आले. मग म्हणाला याला सोपी काही रीत असेलच ना. आता भागाकार शिकवायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? वीस मिनिटांत शिकला. संध्याकाळी बाबांना सांगितलं, "तुम्ही रोज ३६ लिटर पाणी घालवताय," आणि महिन्याचे १०८० लिटर पण ऐकवले. नळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला.

रोज असं काही घडत नाही, नाहीतर तुम्हाला वाटेल इथे सतत नळच ठिबकत असतात. बरेच दिवस नुसते पाढे असतात आणि कंटाळा असतो. पण मूल तयार असलं की महिन्यांचं काम दिवसांत होतं हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मी घाई करत नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात शाळांचे एक अधीक्षक होते, एल. पी. बेनेझेट. त्यांनी १९२९ मध्ये काही वर्गांत सहावीपर्यंत औपचारिक अंकगणित बंदच केलं, त्याऐवजी मुलांना भरपूर बोलू दिलं, अंदाज करायला लावले. सहावीत गणित सुरू केल्यावर वर्षभरात ती मुलं पहिल्यापासून गणितं घोटणाऱ्यांच्या बरोबरीला आली. ही गोष्ट नेहमीच्या सरकारी शाळांमधली आहे, म्हणजे वेळ देणं शाळेलाही जमतं, ठरवलं तर.

जे मला येत नाही त्यासाठी लायब्ररी आहे, ऑनलाइन व्हिडिओ आहेत, ओळखीतली माणसं आहेत. फिजिक्स एका रिटायर्ड इंजिनिअर काकांकडे आठवड्यातून एकदा, ते शिकवण्यापेक्षा गप्पाच जास्त मारतात पण पोरांना येतंय.

वाचायला कधी शिकली मग ती 'मागे' असलेली?

साडेनऊला. हो, साडेनऊ. मामेभाऊ सुट्टीत आला होता, पत्त्यांचा एक नवीन खेळ घेऊन, नियमांचं पत्रक फक्त त्यालाच वाचता येत होतं आणि दर वेळी तो हरायला लागला की पत्रकात नवीन नियम निघायचा. हिला संशय आला. दुपारी सगळे झोपल्यावर ते पत्रक घेऊन गॅलरीत बसली, अक्षर अक्षर लावत, दोन दुपारी लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर त्याला पुराव्यासकट पकडलं. त्यानंतर तिला वाच म्हणावं लागलं नाही, झोप म्हणावं लागतं.

फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. उलट टोकाला रहस्यकथा लिहिणारी अगाथा ख्रिस्ती, आईने ठरवलेलं की आठ वर्षांपर्यंत वाचायला शिकवायचं नाही, आणि ही बाई पाचव्या वर्षीच आपली आपण शिकून बसली. मुलं अशीच असतात, वेळापत्रक न वाचता येणारी.

पण, आणि हा पण मोठा आहे, वाट बघणं वेगळं आणि दुर्लक्ष करणं वेगळं. आम्ही मधल्या काळात तिचे डोळे तपासले, कान तपासले, डिस्लेक्सिया नाही ना याची खात्री करून घेतली. 'येईल आपोआप' म्हणून ज्याला खरंच मदत हवीये त्याला ताटकळत ठेवणारे आईबाप मी बघितलेत, आणि ते शाळेपेक्षा वाईट.

सोशलायझेशनचं काय?

आलाच हा प्रश्न! आमच्याकडे याला 'सो'चा प्रश्न म्हणतात, सो म्हटलं की पुढचं कळतं.

वर्गात मूल फक्त स्वतःच्याच वयाच्या मुलांबरोबर असतं, आणि बोलू नका हा तर तिथला पहिला नियम असतो. त्यानंतर पुन्हा आयुष्यात कधीच तुम्ही चाळीस समवयस्कांबरोबर बसत नाही. आमची पोरं खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी बुद्धिबळ खेळतात, पाच वर्षांच्या पोराला सायकल शिकवतात, दुकानात हिशोब स्वतः करतात. असं सगळं मी आधी फार ठासून सांगायचे. आता थोडं खरं सांगते. मित्र आपोआप मिळत नाहीत. शाळेत निदान माणसं तरी ठेवलेली असतात, इथे तुम्हाला फोन करावे लागतात, ग्रुप शोधावा लागतो, चार वाजता शाळा सुटल्यावर ग्राउंडवर पोचवावं लागतं. दहाव्या वर्षी थोरलीला एक अख्खं वर्ष जिवाभावाची मैत्रीण नव्हती आणि ते मला दिसत होतं. शाळेतही ते झालं असतं का? झालं असतं कदाचित. पण ते म्हणून मी स्वतःला सोडवणार नाही.

रिसर्च काय म्हणतो, घरची मुलं पुढे असतात ना?

असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जरा लांब राहा, ते आपल्या बाजूचे असले तरी. बऱ्याच पाहण्यांमध्ये होमस्कूलवाल्या मुलांचे मार्क चांगले दिसतात, पण त्यात भाग घेणारी कुटुंबं स्वतःहून पुढे आलेली असतात, आणि ज्यांचं फसलं ते कशाला फॉर्म भरतील? पीटर ग्रे आणि जीना रायली यांनी शाळेशिवाय मोठ्या झालेल्या ७५ जणांना त्यांचे अनुभव विचारले, बहुतेकांनी छान चाललंय म्हणून सांगितलं. वाचायला मस्त आहे, पण ७५ म्हणजे ७५, आणि तेही आपणहून आलेले.

आकडे वाढतायत हे मात्र खरं. अमेरिकेत १९९९ मध्ये साधारण साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती, शाळकरी वयाच्या मुलांत १.७ टक्के. कोविडच्या वर्षात, २०२० मध्ये, जनगणना खात्याच्या पाहणीत होमस्कूलिंग करणारी घरं वसंत ऋतूत ५.४ टक्के होती ती सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ११.१ टक्के झाली, आणि यात शाळेचे ऑनलाइन तास धरलेले नाहीत. पण कोविडमध्ये मुलाला लॅपटॉपसमोर बसवून जे चाललं होतं त्यावरून कृपया होमस्कूलिंगचं मत बनवू नका, ती शाळाच होती, फक्त डबा गरम मिळायचा.

दहावी, कॉलेज, नोकरी?

भारतात एनआयओएस आहे, राष्ट्रीय मुक्त शाळा, १९८९ पासून. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला प्रवेश घेता येतो, १५ ला बारावीला, विषय आपण निवडायचे. काहीजण केंब्रिजच्या परीक्षा प्रायव्हेट कँडिडेट म्हणून देतात, सेंटर शोधावं लागतं. अमेरिकेत एमआयटीसारख्या संस्था होमस्कूलवाल्यांचे अर्ज राजरोस घेतात. थोडक्यात दार बंद नाही, फक्त कागदपत्रांची फाईल तुम्हीच ठेवायची, पहिल्या दिवसापासून, तारखा टाकून. आम्ही पहिली दोन वर्षं ठेवली नाही, मग बसलो आठवत.

अनस्कूलिंग, माँटेसरी, वाल्डॉर्फ... यातलं तुमचं कुठलं?

खिचडी.

अनस्कूलिंग हा शब्द जॉन होल्टचा. हा स्वतः वर्षानुवर्षं वर्गात शिकवणारा शिक्षक, आधी शाळा सुधारायला निघाला होता, नाद सोडला आणि १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केलं. त्याचं म्हणणं, मुलं शिकतातच, तुम्ही मधे मधे करू नका. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालघर काढलं, तिथे सामान मुलाच्या हाताला येईल असं मांडलेलं आणि मूल आपापलं काम निवडतं. वाल्डॉर्फ शाळा १९१९ मध्ये स्टुटगार्टला एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी सुरू झाली, कारखान्याचंच नाव पडलं. इंग्लंडमधली समरहिल १९२१ पासून चालूये, तिथे तासाला बसायचं की नाही ते मूल ठरवतं, आणि १९९९ मध्ये सरकारने ती बंद पाडण्यापर्यंत आणली होती पण प्रकरण ट्रायब्युनलसमोर गेल्यावर सरकारनेच माघार घेतली. अमेरिकेतली सडबरी व्हॅली १९६८ पासून, तिथे तर शाळेचे नियमही मुलं आणि मोठी माणसं मिळून मतदानाने करतात.

हे मुद्दाम सांगते कारण लोकांना वाटतं एक तर शाळा नाहीतर घर. मधे खूप काही आहे. घरी ठेवणं जमत नसेल तर निदान अशी एखादी शाळा जवळपास आहे का ते तरी बघा.

घरात मुलांना डांबून काहीही करणारे पण असतील ना?

असतात. हा प्रश्न लोक मला तोंडावर विचारत नाहीत पण विचारायला पाहिजे. हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२० मध्ये याच मुद्द्यावर होमस्कूलिंगला मुळातच मनाई असावी आणि पालकांनी सिद्ध करून परवानगी घ्यावी असं मांडलं, तेव्हा आमच्या लोकांनी केवढा आरडाओरडा केला. मला त्यांची मनाई पटत नाही, पण शिक्षक हे मुलाकडे रोज बघणारे घराबाहेरचे डोळे असतात हे त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. वर्षातून एकदा कुणी बाहेरचं येऊन मुलांशी बोललं तर माझं काय जातंय? या मतामुळे माझी दोन ग्रुपमधून हकालपट्टी झालीये.

खर्च? नोकरी?

पुस्तकांना फार लागत नाही. एक पगार कमी होतो, तो खरा खर्च, आणि बहुतेक वेळा तो बाईचाच असतो. यावर मी अजून चिडलेली आहे. आता अर्धा वेळ काम घेतलंय, दुपारची पाळी नवऱ्याची.

कुणी करू नये?

ज्यांना मुलाला शाळेपेक्षा पुढे पळवायचंय त्यांनी. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश तत्त्वज्ञाला बापाने घरीच शिकवलं, तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, आणि विसाव्या वर्षी तो मनाने पार कोसळला. घर आहे म्हणून छळ होत नाही असं थोडंच आहे, घरात तर मधली सुट्टीही नसते. ज्यांचा मुलांबरोबर चार तासांत संयम सुटतो, ज्यांच्या घरात सतत भांडणं आहेत, ज्यांना फक्त शेजाऱ्यांना दाखवायचंय, किंवा नवराबायकोपैकी एकालाच पटलंय, त्यांनीही नको. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आमच्या ओळखीत दोन घरं त्यावरच फुटायला आली होती.

आजीआजोबांना कसं पटवलंत?

नाही पटवलं. सासूबाई अजून फोनवर लोकांना "आमची नात शाळेत हुशार आहे" सांगतात.

आणि मुलालाच शाळेत जावंसं वाटलं तर?

तर जाऊ द्यायचं, नाहीतर मग आपण तरी कोण मोठे मोकळे विचारांचे. थोरली तेराव्या वर्षी म्हणाली मला जायचंय, बास्केटबॉलची टीम हवीये आणि मैत्रिणी हव्यात. मला दोन रात्री झोप नाही, मग लक्षात आलं की ही जे मागतेय ते नीट कारणासकट मागतेय. जूनमध्ये आठवीत गेली. इतिहासात तिला तारखा पाठ नव्हत्या, इंग्लिश व्याकरणात शब्दांची नावंच माहीत नव्हती, पहिल्या चाचणीत मार्क मधलेच आले, दुसरीत बरे. तिची एक तक्रार मात्र आहे, की बाईंना प्रश्न विचारला की मागची मुलं हसतात. मी म्हटलं मग काय करतेस? म्हणाली, "विचारते परत, मला कळलेलं नसतं ना."

धाकटा अजून घरी आहे. सध्या त्याने मिक्सर उघडून ठेवलाय, तीन स्क्रू सापडत नाहीयेत, तर जाते आता.